परत न येण्याच्या जागेला ‘येतो’ म्हणावे का?

शिडाखालचे घर | 24 जून 2019
नमस्कार मंडळी. मी आणि माझी पत्नी गेली चार वर्षे एका 38 फुटी शिडाच्या बोटीवर राहतो. सध्या बोट मॉरिशसला, पोर्ट लुईच्या धक्क्याला बांधलेली आहे. महिनाभर एक गोष्ट मनातून जात नाही, ती तुमच्यापुढे ठेवतो.

मालदीवच्या दक्षिण टोकाला असलेल्या गान बेटावरून निघून, 280 समुद्री मैल कापून, आम्ही 23 एप्रिल रोजी चागोस द्वीपसमूहातील सालोमन येथे नांगर टाकला. नकाशा उघडून पाहिलात, तर ही जागा मुंबईच्या जवळजवळ सरळ खाली, सुमारे 1450 समुद्री मैलांवर दिसेल. प्रवाळाच्या कड्यावर बसलेली अकरा लहान बेटे आणि त्यांच्या मधोमध निवांत पाणी, एवढेच तिथे आहे. वस्ती नाही, दुकान नाही, मोबाइलला रेंज नाही. ब्रिटिश प्रशासनाचा परवाना असल्याशिवाय जाता येत नाही. तो जास्तीत जास्त 28 दिवसांचा मिळतो आणि त्यासाठी बोट बुडाल्यास तिचा सांगाडा हलवण्याचा व आजारी माणसाला बाहेर काढण्याचा खर्च भरून देणारा विमा दाखवावा लागतो. आम्ही सव्वीस दिवस राहिलो आणि 19 मे रोजी निघालो.

लांबच्या प्रवासाला पहाटे निघावे असे आपल्याकडे म्हणतात, पण सालोमनमधून पहाटे निघता येत नाही. पाण्याखालचे प्रवाळाचे खडक ऊन वर आल्याशिवाय दिसत नाहीत, म्हणून सगळी आवराआवर करून आम्ही दहा वाजेपर्यंत नुसते बसून होतो. मग कळले, की साखळीने एका खडकाला अडीच वेढे घातले आहेत. पत्नी मुखवटा लावून पाण्यात उतरली. ती हाताने डावीकडे, उजवीकडे अशी खूण करायची आणि त्याप्रमाणे मी बोट तसूतसूने पुढेमागे घ्यायचो. साखळी ओढून काढली असती, तर शेदोनशे वर्षे वाढलेला प्रवाळ मोडला असता. तिला मोकळे करायला चाळीस मिनिटे लागली. शेवटचा वेढा सुटला तेव्हा पत्नीने मान पाण्याबाहेर काढली, मुखवटा कपाळावर सारला आणि बेटाकडे पाहत ती तशीच तरंगत राहिली. मीही तिला हाक मारली नाही.

आता प्रश्न. आपण घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. उत्तरेकडच्या वाटेने बाहेर पडताना तो शब्द माझ्या ओठांवर आला आणि तिथेच अडला. पुढचा प्रवास आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून अटलांटिकमध्ये आहे आणि आमची वयेही आता साठीच्या पुढची आहेत. सालोमनला आम्ही पुन्हा जाणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होते. अशा जागेचा निरोप तुम्ही कसा घेतलात, किंवा कसा घेतला असता?

बंदरपाहुणा | 24 जून 2019
मी एकतीस वर्षे व्यापारी जहाजांवर काढली, शेवटची नऊ कप्तान म्हणून. स्पष्ट बोलतो, राग मानू नये. निरोप माणसांचा घेतात, जागेचा नव्हे. बंदरातून वाट दाखवणारा पायलट चढतो, दोर सुटतात, नोंदवहीत वेळ लिहिली जाते आणि त्या क्षणी मागचे बंदर संपते. मागे रेंगाळलेल्या मनाने पुढचा समुद्र नीट पाहता येत नाही, आणि पुढचा समुद्र नीट पाहणे हे कप्तानाचे पहिले कर्तव्य आहे. तुम्ही साखळी ओढून काढली नाही, प्रवाळ वाचवलात. माझ्या मते तोच निरोप होता आणि तो उत्तम झाला.

मीठभाकर | 25 जून 2019
बंदरपाहुणा साहेब, तुमच्या अनुभवापुढे मी लहान आहे, पण जागेचा निरोप घेत नाहीत हे मला पटत नाही. आमचे घर हर्णैचे, मासेमारी करणारे. आज इथे पाऊस कोसळतो आहे, 1 जूनपासून मासेमारी बंद आहे आणि 31 जुलैपर्यंत ती बंदच राहील. आमच्या आजोबांच्या काळी सरकारी तारीख नव्हती. वारा फिरला, की होडी वर ओढायची आणि झापांनी शाकारायची. शेवटचा झाप बांधून झाला, की आजोबा एकटे पाण्याच्या कडेला जात, दोन बोटे बुडवून डोळ्यांना लावत आणि मोठ्याने ‘येतो गं’ म्हणत. नारळी पौर्णिमेला नारळ देऊन पुन्हा जायचेच असे, तरीही दर वर्षी म्हणत.

मात्र एक गोष्ट मान्य करतो. त्यांचे ‘येतो’ खरे होते. ज्या समुद्रावर परत जायचेच नाही, त्याला ते काय म्हणाले असते, हे मला सांगता येणार नाही.

दक्षिणवारा | 25 जून 2019
फार जिव्हाळ्याचा विषय काढलात. आम्ही 2014 साली पॅसिफिक ओलांडला. तिथल्या दक्षिण भागात नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ, त्यामुळे निघण्याचा दिवस तुमचे मन नव्हे, तर ऋतू ठरवतो. कुक बेटांपैकी सुवारो येथे आम्ही बारा दिवस होतो. ते राष्ट्रीय उद्यान आहे. वादळांचा काळ सोडून उरलेले महिने तिथे दोन रक्षक राहतात आणि हंगाम संपला की त्यांनाही उचलून नेतात. म्हणजे त्या बेटाचा निरोप दर वर्षी सगळेच घेतात, रक्षकसुद्धा.

याच बेटावर टॉम नील नावाचा न्यूझीलंडचा माणूस एकटा राहत असे. 1952 साली तो पहिल्यांदा गेला आणि 1954 मध्ये पाठ जायबंदी झाल्यामुळे, योगायोगाने आलेल्या एका बोटीतून त्याला बाहेर पडावे लागले. 1960 मध्ये तो परत आला, 1963 मध्ये निघून गेला, 1967 मध्ये पुन्हा आला आणि त्यानंतर दहा वर्षे राहिला. 1977 साली आजारी अवस्थेत त्याला रारोटोंगाला नेले आणि तिथेच त्याच वर्षी तो वारला. मी त्याच्या झोपडीच्या जागी उभा होतो तेव्हा हाच विचार करत होतो. या माणसाने तीनदा त्याच बेटाचा निरोप घेतला आणि त्यांपैकी दोन वेळा तो परत आलाही. पहिल्या दोन वेळी ‘येणार नाही’ असे त्याने म्हटले असते, तर ते खोटे ठरले असते. शेवटचा निरोप कोणता, हे निघताना कळतेच असे नाही. म्हणून मी तरी ‘येतो’ म्हणालो.

क्षितिजा | 26 जून 2019
आमच्या बोटीवर दोन मुले होती, तेव्हा नऊ आणि सहा वर्षांची. मोठ्यांना जागेचा निरोप जड जातो, मुलांना शेजारच्या बोटीचा. पॅसिफिकमधील तुआमोतू बेटांपैकी फाकारावा येथे शेजारी एक डॅनिश कुटुंब होते. तीन आठवडे चारही मुले एकाच डिंगीत, म्हणजे छोट्या होडीत असायची. मग ते टोंगाकडे गेले आणि आम्ही ताहितीला. धाकटीने त्यांच्या बोटीचे शीड दिसेनासे होईपर्यंत हात खाली घेतला नाही. शेवटी हात दुखायला लागला तेव्हा मोठ्या मुलाने तिचा हात धरून वर ठेवला. तेव्हापासून आमच्याकडे नियम होता, की जी बोट आधी निघेल तिच्यासाठी मागे राहणाऱ्यांनी शंख वाजवायचा. निघणाऱ्याला कामे असतात, त्याचे मन गुंतलेले राहते. मागे राहणाऱ्याच्या हातांनाही काहीतरी काम हवे.

मूळ प्रश्नाबाबत एवढेच सांगते, की आम्ही शेवटच्या दिवशी किनारा झाडत असू. लाटांनी आणलेल्या चपला, बाटल्या, जाळ्यांचे तुकडे पोत्यात भरून पुढच्या बंदरापर्यंत न्यायचो. जागेला तोंडाने काय सांगावे हे आम्हाला कधी सुचले नाही.

नकाशावाचक | 27 जून 2019
शिडाखालचे घर, तुमचे लेखन सुंदर आहे आणि मी ते दोनदा वाचले. तरीही एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. तुम्ही लिहिले आहे, ‘वस्ती नाही’. तिथे वस्ती होती, आणि ती का नाही, हे या धाग्यात यायला हवे.

8 नोव्हेंबर 1965 रोजी ब्रिटनने चागोस बेटे मॉरिशसपासून वेगळी काढली आणि त्यानंतर दोन वर्षे चार महिन्यांनी, 12 मार्च 1968 रोजी, मॉरिशसला स्वातंत्र्य मिळाले. चागोसमधल्या दिएगो गार्सिया या सर्वांत मोठ्या बेटावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता आणि त्यासाठी माणसे नको होती. पिढ्यान्‌पिढ्या खोबऱ्याच्या मळ्यांवर राबणाऱ्या लोकांना टप्प्याटप्प्याने हलवले गेले, 1971 मध्ये दिएगो गार्सियावरून, 1972 मध्ये सालोमनवरून आणि 1973 मध्ये पेरोस बान्योसवरून. दिएगो गार्सियावर लोकांची कुत्री कोंडून वायूने मारली गेली. नॉर्दव्हेर नावाच्या जहाजात माणसांना दाटीवाटीने भरून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडले. याच वर्षी 25 फेब्रुवारी रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने असे मत दिले, की मॉरिशसची वसाहतमुक्ती कायदेशीररीत्या पूर्ण झालेली नाही आणि ब्रिटनने तिथला कारभार शक्य तितक्या लवकर संपवावा. तुम्ही सालोमन सोडून समुद्रावर असताना, 22 मे रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 116 विरुद्ध 6 मतांनी तशी मागणी करणारा ठराव मंजूर झाला. भारताचे मत ठरावाच्या बाजूने होते.

ज्या किनाऱ्यावर तिथे जन्मलेल्यांना राहता येत नाही, तिथे विमा आणि परवाना दाखवून आपण महिनाभर राहावे का, हा माझा प्रश्न आहे. निरोपाचा प्रश्न त्यानंतरचा.

बंदरपाहुणा | 27 जून 2019
हा मुद्दा योग्य आहे. मात्र यात या दांपत्याचा दोष आहे, असे मला वाटत नाही.

शिडाखालचे घर | 28 जून 2019
नकाशावाचक, तुम्ही लिहिलेत हे बरे झाले. मला हा इतिहास ठाऊक होता, आणि तरीही ‘वस्ती नाही’ हे दोन शब्द मी किती सहज लिहून गेलो, ते तुम्ही दाखवल्यावर दिसले.

सालोमनमधील सर्वांत मोठे बेट बोडाम. तिथे जुन्या धक्क्याचे दगड आहेत, छप्पर गेलेले चर्च आहे आणि आत शिरलेल्या झाडांची मुळे भिंतींतून बाहेर आली आहेत. कबरी आहेत. एक विहीर आहे. पूर्वी, जेव्हा बोटी इथे महिनोन्‌महिने राहत, तेव्हापासून बोटकरी या विहिरीचे पाणी वापरत आले आहेत. आम्हीही दर तीन दिवसांनी तिथे कपडे धुतले. काठाचा एक दगड दोराने घासून घासून खोबणीसारखा झाला आहे. ती खोबण एकट्या बोटकऱ्यांच्या दोरांनी पडलेली नाही, हे पाहताक्षणी कळते. पत्नी त्या खोबणीत बोट फिरवून म्हणाली, “आपण कुणाच्या तरी परसात कपडे धुतो आहोत.” त्यानंतर आमच्या राहण्याचा रंगच बदलला. शेवटचे चार दिवस आम्ही कबरींवर पडलेल्या झावळ्या आणि नारळ बाजूला करत होतो.

जावे की न जावे, याचे पक्के उत्तर माझ्यापाशी नाही. आम्ही गेलो, आणि गेलो नसतो तर मला हे केवळ वाचून कळले असते, इतकेच म्हणू शकतो. गणपती विसर्जनानंतर आपण पाटावर थोडी वाळू परत आणतो. निघायच्या आदल्या संध्याकाळी मीही बोडामच्या किनाऱ्यावर मूठभर वाळू उचलली होती. ती तिथेच ठेवली. तिथून काही नेऊ नये असा नियम आहे, पण मी नियमामुळे ठेवली नाही. ती माझी नव्हती.

दर्यासारंग_पुणे | 29 जून 2019
विहिरीचे वाचून थांबलो. आणखी लिहा.

बंदरपाहुणा | 30 जून 2019
दोन दिवस विचार करून लिहितो आहे, कारण माझा पहिला प्रतिसाद मलाच अपुरा वाटू लागला आहे. मी म्हणालो होतो, की दोर सुटले की बंदर संपते. एक प्रसंग मात्र मी इतकी वर्षे बाजूला ठेवला होता. ज्या जहाजावर मी पहिल्यांदा सेकंड ऑफिसर झालो, तेच जहाज शेवटी गुजरातमधील अलंगला मोडीत नेण्याचे काम माझ्याकडे आले. तिथे जहाज धक्क्याला लागत नाही. उधाणाची भरती गाठायची, रिकामे जहाज पूर्ण वेगाने किनाऱ्यावर चढवायचे आणि तळ वाळूत रुतला की इंजिन बंद करायचे. एरवी ‘फिनिश्ड विथ इंजिन्स’, म्हणजे इंजिनांचे काम संपले, हा हुकूम आम्ही प्रत्येक बंदरात देतो. त्या दिवशी तो देताना माझा आवाज फुटेना, म्हणून इंजिनरूमला हुकूम पोचवणाऱ्या टेलिग्राफचा दांडा मी नुसता हाताने फिरवला. खालून इंजिनरूमने उत्तराची घंटा दिली आणि मग ती पुन्हा एकदा दिली, जिची काहीच गरज नव्हती. ओहोटी लागल्यावर दोराच्या शिडीने उतरलो आणि गुडघाभर चिखलातून चालत आलो.

तेव्हा जागेचा निरोप घेतात, हे मान्य करतो. मीठभाकर, तुमच्या आजोबांचे बरोबर होते.

मीठभाकर | 30 जून 2019
साहेब, तुम्ही हे लिहिलेत यातच सगळे आले. आजोबांची होडी आम्ही 1998 साली विकली. ती ट्रकवर चढवताना त्यांनी पाठ फिरवली होती, हे आज आठवले.

वाक्वावासी | 2 जुलै 2019
मी अकरा वर्षे मॉरिशसमध्ये, वाक्वा येथे राहतो. इथल्या मराठी मुलांना मराठी शिकवतो. त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी-साताऱ्याकडून करार करून उसाच्या मळ्यांवर आले. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर ते उतरले, त्या पायऱ्या अजून आहेत. त्यांपैकी बहुतेकांनी गाव सोडताना ‘येतो’च म्हटले असणार. म्हणून या धाग्यातला शब्द मला फार जवळचा वाटतो.

चागोसची माणसे पोर्ट लुईच्या कासी, रोश ब्वा, प्वांत-ओ-साब्ल अशा वस्त्यांत राहतात. त्यांच्या क्रिओल भाषेत ‘साग्रें’ असा शब्द आहे. दुःख हा त्याचा अर्थ खरा, पण ते घर तुटल्याचे दुःख, जे माणसाला आतून खाते आणि शेवटी नेते. म्हातारी माणसे ‘तो साग्रेंने गेला’ असे एखाद्या रोगाचे नाव घ्यावे तसे सांगतात. 2006 साली सुमारे शंभर जणांना कबरींच्या दर्शनासाठी काही दिवस नेले होते. त्यांनी कबरी झाडल्या, फुले वाहिली आणि ते परत आले.

माझ्या एका सहकाऱ्याच्या शेजारी बोडामवर जन्मलेल्या एक आजी राहतात. शिडाखालचे घर, तुम्ही अजून पोर्ट लुईलाच असाल आणि तुमच्याकडे बोडामची छायाचित्रे असतील, तर मी भेट घडवून आणू शकतो. आधी त्यांना विचारतो. त्यांची इच्छा असेल तरच.

क्षितिजा | 2 जुलै 2019
जरूर जा. आणि भेटीत काय झाले ते त्यांची परवानगी असेल तेवढेच लिहा.

शिडाखालचे घर | 14 जुलै 2019
काल भेट झाली. लिहिण्यास त्यांनी संमती दिली आहे, नाव मात्र देत नाही.

दोन खोल्यांचे पत्र्याचे घर. आजी सत्तरीच्या आहेत. वाक्वावासी यांचे सहकारी क्रिओलमधून सांगत होते. आम्ही छायाचित्रे मोठी करून छापून नेली होती. धक्क्याचे चित्र त्यांनी पटकन बाजूला ठेवले. चर्चचे चित्र उलटेसुलटे करून पाहिले, कारण दार कुठल्या बाजूला हे झाडांमुळे त्यांना ओळखू येईना. मग पत्नीने दाराचा दगड बोटाने दाखवला आणि त्यांनी मान हलवली. कबरींची चित्रे त्यांनी मांडीवर एकावर एक रचून ठेवली आणि त्यांवर हात ठेवून त्या बराच वेळ बसल्या.

मी त्यांना तो दिवस विचारला नव्हता, त्यांनीच सांगितले. नॉर्दव्हेरने त्यांना नेलेच नाही. 1968 मध्ये आईच्या उपचारासाठी सगळे घर नेहमीच्या जहाजाने मॉरिशसला आले होते. कोंबड्या शेजारणीकडे दिल्या होत्या, दाराला कडी लावली होती. उपचार झाल्यावर परतीचे तिकीट काढायला वडील जहाज कंपनीच्या कचेरीत गेले, तर त्यांना सांगण्यात आले, की तुमचे बेट आता विकले गेले आहे, तिकडे जाता येणार नाही. त्या काळी अनेकांना असेच इथे अडकवले गेले. आजी म्हणाल्या, “आम्ही निरोप घेतलाच नाही. आम्ही लवकर येतो असे सांगून निघालो होतो.”

माझ्या प्रश्नाबद्दल त्यांना काहीच ठाऊक नव्हते. मी पत्नीकडे पाहिले आणि तिने माझ्याकडे.

निघताना त्यांनी एकच गोष्ट विचारली. विहिरीचे पाणी अजून गोड आहे का? पत्नीने होकार दिला आणि दगडावरच्या खोबणीबद्दल सांगितले. आजींनी उजव्या हाताने दोर ओढल्यासारखे करून दाखवले आणि म्हणाल्या, की ती खोबण डाव्या अंगाला आहे. ती डाव्या अंगालाच आहे.

दक्षिणवारा | 15 जुलै 2019
मी सुवारोला ‘येतो’ म्हणालो ते सहज म्हणालो होतो. आज तो शब्द हातात घेऊन पाहतो आहे.

दर्यासारंग_पुणे | 15 जुलै 2019
आजींना आमचा नमस्कार सांगा.

नकाशावाचक | 23 मे 2025
सहा वर्षांनी हा धागा वर आणतो आहे. काल, 22 मे रोजी, ब्रिटन आणि मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या. चागोसचे सार्वभौमत्व मॉरिशसकडे जाईल, दिएगो गार्सिया 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने ब्रिटनकडे राहील आणि अन्य बेटांवर पुनर्वसन करण्याची मुभा मॉरिशसला असेल. यात चागोसच्या लोकांना पुरेसे विचारले गेले नाही, अशी त्यांच्यातल्याच अनेकांची तक्रार आहे आणि ती मला रास्त वाटते. 2022 च्या फेब्रुवारीत मॉरिशसने काढलेल्या मोहिमेत चागोसच्या लोकांचे नेते ऑलिव्हिए बाँकू आणि त्यांचे काही सोबती ब्रिटिश पहाऱ्याशिवाय पेरोस बान्योसला उतरले होते. आता पुढे काय होते ते पाहायचे. शिडाखालचे घर, तुम्ही कुठे आहात? आजी आहेत का?

शिडाखालचे घर | 26 मे 2025
आठवण ठेवलीत, आभारी आहे. बोट आम्ही 2022 मध्ये विकली आणि आता सांगलीला असतो. तिचा निरोप कसा घेतला, ते पुन्हा कधीतरी लिहीन.

आजी आहेत. तुमचा प्रतिसाद वाचून वाक्वावासी यांनी काल फोन जोडून दिला. आवाज बारीक झाला आहे. कराराबद्दल त्या फारसे बोलल्या नाहीत, सह्या पुष्कळ पाहिल्या म्हणाल्या. त्यांना माझ्याकडून दोनच गोष्टी हव्या होत्या. पोर्ट लुईहून बोडाम किती लांब आहे आणि कुठल्या महिन्यात निघावे? मी सांगितले, की सुमारे 1240 समुद्री मैल अंतर आहे. मे उजाडला की आग्नेयेचा वारा स्थिर होतो, ईशान्येकडे जाताना तो उजव्या बाजूने येतो आणि जहाज सरळ चालते. वाटेत थांबायचे ठरलेच, तर पाणी भरून घ्यावे. पलीकडून कागद शोधल्याचा आवाज आला. त्यांनी मुलीला ते लिहून घ्यायला सांगितले आणि मुलीने लिहिलेले मला पुन्हा वाचून दाखवले. आत शिरताना ऊन डोक्यावर असू द्या, एवढे सांगायचे मी विसरलो होतो. तेही तिने शेवटी लिहून घेतले.